मूळचे कुठले?

किस्से जमवावे लागत नाहीत. फडताळात रिकाम्या बरण्या साठतात, तसे ते आपोआप साठतात. एक दिवस सहज दार उघडावं, तर सगळे अंगावर!

पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांवर आम्ही तीन वर्षं संशोधन केलं. आम्ही म्हणजे आमच्या देवयानी मॅडम आणि त्यांची रिसर्च असिस्टंट, म्हणजे मी, रंजना मेश्राम. विषय ‘मोबिलिटी’. माणसं एका जागेहून दुसऱ्या जागी का जातात, कशी जातात आणि गेल्यावर त्यांचं काय होतं, एवढंच खरं तर. पण मॅडमनी ते इंग्रजीत अशा काही भाषेत लिहिलं होतं की वाचणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. त्यामुळे प्रकल्प लगेच मंजूर झाला!

अहवाल आता छापून झालाय. चांगला जाड आहे. त्यात बाण काढलेले नकाशे आहेत. पण मुलाखती घेताना आम्ही किती हसलो आणि कधी कधी रेकॉर्डर बंद करून का बसून राहिलो, ते त्यात नाही. ते सगळं माझ्याकडे उरलंय. तेच सांगते.

*

आमची पहिली मुलाखत ग्रेसची. ग्रेस टांझानियाची, कॉमर्स शिकायला आलेली. कर्वेनगरात लिमये काकूंकडे एका खोलीत राहायची.

ही खोली तिला फोनवरच मिळाली होती. काकूंनी विचारलं, “मांस-मच्छी?” ग्रेस म्हणाली, “नाही.” “अंडी?” “नाही.” “दारू?” “नाही.” काकूंना वाटलं पोरगी थापा मारतेय. पण थाप नव्हती. ग्रेसच्या चर्चमध्ये शाकाहार पाळतात, आणि ती तर अगदी काटेकोर पाळायची.

सहा महिन्यांनी आम्ही काकूंचीही मुलाखत घेतली. मॅडमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘भाडेकरूच्या खाण्यापिण्याच्या सवयींचा त्रास होतो का?’

“होतो ना!” काकू म्हणाल्या. “अहो, चहा पीत नाही ती!”

मॅडमनी प्रश्न पुन्हा एकदा वाचला.

“चर्चमध्ये चालत नाही म्हणे. सकाळी मी आधण ठेवते, दोन कप पाणी टाकते, आणि मग आठवतं. आता चहाच नाही म्हटल्यावर माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची?”

“मग काय करता?”

“गवती चहा नुसता उकळून देते. सांगितलंय, औषध आहे.” मग जरा पुढे वाकून त्या म्हणाल्या, “माझा मुलगा तिकडे अमेरिकेत काय काय खातो ते मी विचारत नाही. सध्या या घरातलं सोवळं ग्रेसच सांभाळतेय.”

अहवालात ‘आहारविषयक संघर्ष’ नावाचं एक प्रकरण आहे. लिमये काकू त्यात कुठेच बसल्या नाहीत.

*

संशोधनात मुलाखतीआधी संमतिपत्र द्यावं लागतं. त्यात लिहिलेलं असतं, ‘आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, ही मुलाखत सोडून जाऊ शकता. त्यामुळे आपल्यावर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.’ लोक हे न वाचताच सही करतात. मीही बँकेत तेच करते.

युसुफने मात्र ते तीनदा वाचलं.

युसुफ सुदानचा, खार्टूमचा. उंच, सडपातळ, बोलायच्या आधी एकदा हसणारा. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करायला आला, आणि वर्षभरात मागे युद्ध पेटलं. त्याच्याकडे चेन असलेली एक निळी फाइल होती आणि ती तो कधीही खाली ठेवायचा नाही. पासपोर्ट, फोटो, भाडेकरार, पोलिसांकडच्या नोंदणीची पावती, सगळं त्यात. आमच्याकडे मुलं पाठीला सॅक लावतात तशी त्याच्या छातीला ती फाइल.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “ताई, याची एक कॉपी मिळेल?”

“मिळेल की. कशाला?”

“नोंदणीच्या ऑफिसात दाखवीन. कोणतंही कारण न देता उठून जायची परवानगी मला आजवर कोणी दिली नव्हती.”

मॅडम खूप हसल्या. मी त्याला दोन कॉप्या दिल्या.

*

आता युसुफच्या अडचणीचं सांगायलाच हवं. मॅडमचा नियम होता, ‘संशोधकाने अंतर राखावं.’ मी राखलं. पहिला आठवडाभर!

अडचण अशी. युसुफ इथे आला तेव्हा त्याच्याकडे बी.एस्सी.च्या डिग्रीची मूळ प्रत नव्हती. आईने ती फ्रेम करून भिंतीवर लावली होती आणि काढूच दिली नाही. घराण्यात पहिली डिग्री! “तू झेरॉक्स घेऊन जा, मूळ पुढच्या वर्षी पाठवते,” म्हणाली. इथल्या विद्यापीठाच्या ऑफिसने झेरॉक्स ठेवून घेतली आणि तात्पुरता प्रवेश दिला. आणि पुढच्या वर्षी ते घरही राहिलं नाही आणि दुसरी प्रत देईल ते कॉलेजही राहिलं नाही. आई आणि बहीण निघाल्या त्या कैरोला पोचल्या. डिग्री भिंतीवरच राहिली.

आता जूनअखेरपर्यंत मूळ प्रत दाखवली नाही, तर त्याचा इथला प्रवेशच रद्द होणार होता. प्रवेश नाही तर डिग्री नाही, प्रवेश नाही तर व्हिसाही नाही, आणि परत जायला जागा नाही. आई रोज फोनवर एकच विचारायची, “कागद झाला?” आणि मग रडायची, कारण फ्रेम तिनेच केली होती.

त्या ऑफिसात परदेशी विद्यार्थ्यांचे कागद आठल्ये बघायचे. काउंटरमागे वीस-बावीस वर्षं. आठल्ये या मुलांशी इंग्रजीत बोलत, पण ते इंग्रजीसुद्धा सदाशिव पेठेतलंच असायचं.

“ओरिजिनल?”

“सर, घर जळलं.”

“कॉलेजकडून डुप्लिकेट आणा.”

“सर, कॉलेजही जळलं.”

आठल्यांनी चष्मा वर केला. “मग जळल्याचं पत्र आणा. कॉलेजच्या लेटरहेडवर.”

युसुफने फोनमधला फोटो दाखवला, त्याची प्रिंटही पुढे केली. पदवीदानाच्या दिवशी आईने डिग्री हातात धरून काढलेला. खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला.

“हा कोणाचा?”

“आईचा.”

“अंगठा आहे, सही नाही,” आठल्ये म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

मी शेजारीच उभी होते; मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवायचा डबा तसाच घरी नेला.

*

पण आठल्यांचं एक सांगते, म्हणजे तो माणूस कळेल.

त्यांच्याकडे एक रबरी शिक्का होता, ‘मूळ प्रत पाहिली.’ झेरॉक्सवर तो उमटला की कागद खरा. तो शिक्का ते ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवत. जेवायला जाताना खिशात. आणि मूळ प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कधी म्हणजे कधी उमटला नाही.

एकदा त्यांची स्वतःची मुलगी आली, बारावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन. रांगेत उभी राहिली, कारण घरातल्यांना रांग माफ नाही. नंबर आल्यावर कागद पुढे केला.

“मूळ प्रत?”

“बाबा, घरी आहे ना! तुम्हीच तर कपाटात ठेवलीत. देवापुढे ठेवून पेढा पण तुम्हीच ठेवला होतात!”

“घरी पाहिली,” आठल्ये म्हणाले. “इथे पाहिलेली नाही.”

मुलगी रिक्षाने घरी जाऊन मूळ प्रत घेऊन आली. तोवर रांग वाढली होती. ती परत शेवटी उभी राहिली!

*

मॅडमनी प्रकल्पाच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा लावला होता. ज्याची मुलाखत झाली त्याच्या गावी एक टाचणी, पुण्यात एक टाचणी, मध्ये लोकरीचा दोरा. वर्षभरात पुण्यापाशी नुसता गुंता.

एकदा ग्रेस आणि युसुफ नकाशापुढे उभे होते. ग्रेसने विचारलं, “तुमचा दोरा कुठाय?”

“मी पुण्याचीच,” मी म्हटलं.

आणि म्हणताना मलाच हसू आलं. कारण पुण्यात हे वाक्य मला कधी पुरलेलं नाही. “मूळचे कुठले?” “खडकी.” “नाही हो, मूळचे?” या प्रश्नात गाव कमी आणि आडनावाच्या आतलं जास्त विचारलेलं असतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. माझे बाबा चंद्रपूरकडचे. छप्पन साली नागपूरला आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षा घेऊन आले, पुढे शिकले आणि खडकीच्या कारखान्यात लागले. मी जन्मले तीही खडकीतच. पन्नाशी आली, तरी मला अजून कोणीतरी मूळचं विचारतंच.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. संशोधकाने सांगू नये, पण सांगितलं.

युसुफने लाल दोरा काढला. चंद्रपूरला एक टाचणी टोचली. दुसरी पुण्याला टोचायला गेला, तर जगाच्या नकाशावर दोरा इवलासा झाला. त्याला गाठसुद्धा मारता येईना. बाबांना तेवढ्या अंतराला एक ट्रंक, दीड दिवस आणि उरलेलं आयुष्य लागलं होतं.

युसुफ जरा मागे झाला, नकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, “नकाशा चुकीचा आहे.”

दुसऱ्या दिवशी ग्रेस बुधवार पेठेतून महाराष्ट्राचा नकाशा घेऊन आली आणि जगाच्या नकाशाखाली चिकटवला. त्यावर एकच दोरा. मॅडमनी बघितलं. अहवालासाठी भिंतीचा फोटो काढताना त्यांनी तो कापला नाही, हे मात्र मी पाहिलं.

तेव्हापासून कोणी युसुफला विचारलं, “मूळचे कुठले?” की तो शुद्ध मराठीत सांगायचा, “खडकी.” रिक्षावालासुद्धा पुढे विचारायचा नाही.

*

मग मॅडमनी कुठेतरी ‘चालती मुलाखत’ नावाची पद्धत वाचली. टेबलाशी बसून प्रश्न विचारायचे नाहीत. माणूस रोज जिथे जातो तिथे त्याच्याबरोबर चालायचं आणि चालता चालता विचारायचं. बाहेर माणूस मोकळा बोलतो म्हणे.

युसुफ दर रविवारी सकाळी मार्केट यार्डला जायचा, भेंडी घ्यायला. किलो-दोन किलो नाही, पोतंभर! त्यांच्याकडे भेंडी चिरून उन्हात वाळवतात, कुटतात, आणि वर्षभर त्याचं कालवण करतात. रूमवरची चार मुलं आणि कॉलेजातली आणखी दहा, सगळ्यांची भेंडी हाच आणायचा.

मी रेकॉर्डर धरून मागे. यार्डातून चालायचं म्हणजे डोक्यावर पोती घेतलेले हमाल चारी बाजूंनी. मुलाखत जशीच्या तशी टाइप करायचा नियम आहे, म्हणून मी केली. पहिलं पान असं आहे :

प्रश्न : तुमच्यासाठी घर म्हणजे काय?

उत्तर : ओ मावशी, पाय काढा!

एका हमालाने पोतं खाली टाकलं आणि युसुफला न्याहाळत मला विचारलं, “हे पाव्हणं कुठलं म्हनायचं?”

“सुदानचे.”

“लांब हाय का?”

“समुद्रापलीकडे.”

“असू द्या की. मी बीडचा, ह्यो बिहारचा, भेंडी सासवडची. हितं हितलं कोन हाय, सांगा बरं!”

मॅडमनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘महत्त्वाचं!’

भेंडी मात्र सोसायटीच्या गच्चीवर वाळत पडली. तिसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली : ‘गच्चीवर भेंडी वाळत घालू नये. कुरडया चालतील.’

युसुफने पाटीचा फोटो काढून मला पाठवला. खाली विचारलं होतं, “ताई, कुरडया म्हणजे काय, आणि त्यांना व्हिसा कोण देतं?”

*

मे संपत आला, तरी कागदाचं काही झालं नव्हतं. कॉलेजला पाठवलेले मेल परत येत होते. दूतावास थांबा म्हणत होता. युसुफ हसायच्या आधी आता थोडा थांबायला लागला होता. ते मला बघवेना. मी नियम गुंडाळून ठेवला आणि सरळ आठल्यांकडे गेले.

“मेश्राम बाई,” ते म्हणाले, “तुम्ही या मुलाच्या संशोधक की नातेवाईक?”

“दोन्ही नाही.”

“मग बसा. जे दोन्ही नाहीत त्यांच्यासाठीच ती खुर्ची आहे.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते. पण त्यांनी नियमांचं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं, मध्ये बसचं तिकीट खोचून.

“वाचा. ‘मूळ प्रत उपलब्ध नसल्यास कार्यालयाचे समाधान होईल असा पुरावा.’ आता समाधान कसं करायचं ते पुस्तकात नाही.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “आमच्या वडिलांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट पानशेतच्या पुरात वाहून गेलं. घरच गेलं, त्यात ते. नोकरीच्या ठिकाणी मूळ प्रत मागितली. तेव्हा वर्गातले दोघे आणि एक मास्तर जाऊन साहेबापुढे उभे राहिले, हा आमच्यात बसत होता म्हणून.”

“मग?”

“मग काय, मी तुमच्यासमोर बसलोय. त्या मुलाला सांगा, वर्गातले तिघे आणि एक मास्तर. शुक्रवारी अकरा वाजता. उशीर चालणार नाही.”

युसुफने तीन दिवसांत चौघांना शोधून काढलं. एक कैरोला, एक कंपालात, एक जेद्दाला. मास्तर सुदानमध्येच, पण कुठल्याशा लहान गावात. नेटवर्कसाठी त्यांना एका दुकानाच्या गच्चीवर चढावं लागणार होतं.

शुक्रवारी माझा लॅपटॉप आठल्यांच्या टेबलावर. युसुफला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, दार लावून घेतलं. मला वाटलं नाव-गाव विचारतील. त्यांनी एका जुन्या परिपत्रकाची मागची कोरी बाजू पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि कैरोच्या मुलाला विचारलं, “वर्गाला दार कुठे होतं?”

तो गोंधळला. मग म्हणाला, “डावीकडे.”

आठल्यांनी दार काढलं. “खिडक्या?” खिडक्या काढल्या. “पंखा? फळा?” सगळं काढलं. “युसुफ कुठे बसायचा?”

“खिडकीजवळ, तिसरा बाक.”

कंपालाची मुलगी म्हणाली, “खिडकीजवळ, तिसरा. बाहेर कडुनिंब होता. तो ऐकायचा कमी आणि झाडाकडे बघायचा जास्त.” आठल्यांनी कडुनिंब काढला. पानंसुद्धा काढली.

जेद्दाचा मुलगा म्हणाला, “दुसरा बाक.”

पेन्सिल थांबली. “तिसरा नाही?”

“नाही. दुसरा. मी त्याच्या मागे बसायचो, मला पक्कं आठवतंय.”

आठल्यांनी दुसऱ्या बाकापाशी प्रश्नचिन्ह काढलं. एवढं सगळं होऊन एका बाकासाठी! दाराच्या काचेतून बाहेर युसुफ दिसत होता, फाइल छातीशी धरून.

शेवटी मास्तर लागले. म्हातारे गृहस्थ, वाऱ्यामुळे एका हाताने टोपी धरलेली. आवाज तुटत होता. आठल्यांनी प्रश्न दोनदा ओरडून विचारला.

“युसुफ? खिडकीजवळ, तिसरा बाक,” मास्तर म्हणाले. मग हसले. “शेवटच्या वर्षी पुढचा बाक मोडला, तो आम्ही बाहेर काढला. म्हणून तिसऱ्याचा दुसरा झाला. पण तो होता तिथेच. मी कितीदा म्हटलं, पुढे ये. तो मुलगा जागचा हलला नाही!”

आठल्यांनी पहिल्या बाकावर अलगद फुली मारली. मग उठून स्वतः दार उघडलं.

युसुफ आत आला. टेबलावरचा कागद त्याने बघितला, मग खुर्चीची पाठ धरली. शेवटी बोट ठेवून इंग्रजीत हळूच म्हणाला, “सर, पंखा इथे नव्हता. इथे होता.”

आठल्यांनी खोडरबर घेतला, पंखा पुसला आणि त्याने दाखवला तिथे काढला.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, ड्रॉवर उघडला. फोनमधल्या फोटोची ती प्रिंट, कोपऱ्यात आईचा अंगठा असलेली, नीट सरळ करून समोर ठेवली. शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडली, आणि बरोबर त्या अंगठ्याशेजारी दाबला.

‘मूळ प्रत पाहिली.’